गेटिसबर्गचा तो सैनिक अनामिक नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील यादवी युद्धावर जो लेख आला, त्यात पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्गच्या लढाईत मुलांचे छायाचित्र हाती धरून मरण पावलेल्या एका सैनिकाचा उल्लेख होता. लेखकाने तो प्रसंग मनापासून लिहिला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु त्या सैनिकाला त्यांनी ‘अनामिक’ म्हटले आहे आणि छायाचित्रावर नजर खिळवून त्याने प्राण सोडले, इथेच त्याची हकिगत संपवली आहे. त्या माणसाला नाव होते, गाव होते, बाजारपेठेत दुकान होते. आणि हरवलेले ते नाव त्याला परत मिळाले ते वर्तमानपत्रात छापून आलेल्या थोड्याशा मजकुरामुळेच. तेच नाव वर्तमानपत्राच्या पानावर पुन्हा हरवावे, हे मनाला लागले म्हणून लिहायला बसलो. पत्र नेहमीपेक्षा लांबेल, त्याची आधीच क्षमा मागतो.

त्यांचे नाव एमस ह्यूमिस्टन. जन्म २६ एप्रिल १८३० चा, न्यूयॉर्क राज्यातील ओवीगो या गावचा. तरुणपणी ते घोड्याचा साज शिवण्याचे काम शिकले. आपल्याकडे या धंद्याला जीनगरी म्हणतात आणि मी स्वतः जीनगराच्या घरात जन्मलो असल्यामुळे इथे जरा थांबतो, कारण लेखात त्यांच्या धंद्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. त्या काळात नांगर, मालाची गाडी, डॉक्टरांची बग्गी, जंगलातले ओंडके, सारे घोड्यांच्या जोरावर चाले, आणि घोड्याचा जोर गाडीपर्यंत पोहोचवायचा तो जीनगराने शिवलेल्या चामड्याने. घोड्याच्या गळ्यात बसणारी गादी पेंढा ठासून भरीव करावी लागते. ती बोटभर जरी चुकीची बसली, तरी दोन दिवसांत खांद्याला जखम होऊन जनावर कामातून जाते. आमच्या आजोबांच्या दुकानात लाकडाचा एक लांब चिमटा होता. तो गुडघ्यांत दाबून धरायचा, त्यात चामड्याच्या दोन वाद्या पकडायच्या, आरीने भोक पाडायचे आणि मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याची दोन टोके दोन सुयांत ओवून त्या एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या. या शिवणीचा गुण असा की, एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. पाश्चात्त्य देशांतले साज शिवणारे कारागीरही हीच दोन सुयांची शिवण घालत आले आहेत. ह्यूमिस्टन यांच्याविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सैनिक नव्हे, गुडघ्यांत चिमटा धरून बसलेला माणूस डोळ्यांपुढे दिसला.

काम शिकून झाल्यावर त्यांनी लगेच दुकान थाटले नाही. १८५० साली ते न्यू बेडफर्ड बंदरातून ‘हॅरिसन’ नावाच्या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर चढले आणि पॅसिफिक महासागरात फिरून १८५४ मध्ये परतले. जमिनीवरचा धंदा हातात असलेल्या तरुणाने समुद्रावर एवढी वर्षे का काढावीत, याचे उत्तर प्रत्येक वाचकाने आपल्या तरुणपणाकडे पाहून द्यावे. परतल्यावर त्याच वर्षी त्यांनी फिलिन्डा या तरुण विधवेशी लग्न केले. फ्रँक, अ‍ॅलिस आणि फ्रेड अशी तीन मुले १८५५ ते १८५९ या काळात झाली. पुढे हे कुटुंब कॅटरॉगस परगण्यातील पोर्टव्हिल या गावी आले आणि ह्यूमिस्टन यांनी तिथे साजाचे दुकान चालवले. अ‍ॅलेगेनी नदीकाठचे हे लहान गाव, लाकडाच्या व्यापारावर जगणारे. जंगलातून आणलेल्या लाकडाचे तराफे बांधून ते नदीतून खाली सोडले जात. अशा गावात जीनगराला काम कमी पडत नाही.

१८६१ साली युद्ध सुरू झाले तेव्हा ते गेले नाहीत. पदरी तीन लहान मुले होती. जुलै १८६२ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी आणखी तीन लाख स्वयंसैनिकांची मागणी केली आणि ‘मागे बायकामुलांची आबाळ होऊ देणार नाही’ असा शब्द गावातल्या लोकांनी दिला, तेव्हा २६ जुलैला ह्यूमिस्टन यांनी नाव नोंदवले. उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या न्यूयॉर्कच्या १५४ व्या पायदळ पलटणीत ते दाखल झाले आणि पुढे सार्जंट झाले. त्यांनी घरी लिहिलेली काही पत्रे टिकून आहेत. शुद्धलेखनाचे नियम त्यांत जुमानलेले नाहीत. आजारपण आहे, घराची ओढ आहे, मुलांची नावे पुन्हा पुन्हा येतात. मार्च १८६३ मध्ये तर या साज शिवणाऱ्या माणसाने बायकोला उद्देशून चक्क कविता लिहून पाठवली. मे महिन्याच्या सुरुवातीला चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत जोर सरलेली एक गोळी त्यांच्या छातीला लागली आणि ते थोडक्यात बचावले. त्यानंतरच्या पत्रात त्यांनी फिलिन्डाला कळवले आहे की मुलांचे छायाचित्र मिळाले आणि तिने दुसरे काहीही पाठवले असते तरी त्यांना एवढा आनंद झाला नसता.

ते छायाचित्र म्हणजे काचेवर घेतलेली एकुलती एक प्रत. त्या तंत्रात वेगळी ‘निगेटिव्ह’ नसे, त्यामुळे दुसरी प्रत घरी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. जी होती ती फिलिन्डाने रणांगणावर पाठवली होती.

१ जुलै १८६३ रोजी दुपारी त्यांची तुकडी गेटिसबर्गच्या ईशान्य कडेला, एका वीटभट्टीच्या आवारात उभी राहिली. समोरून आणि बाजूने आलेले दक्षिणेचे सैन्य संख्येने कितीतरी अधिक होते. पलटणीतले बहुतेक लोक पकडले गेले. ह्यूमिस्टन स्ट्रॅटन रस्त्याने गावाकडे निघाले आणि वीटभट्टीपासून सुमारे पाव मैलावर कोसळले. लढाई संपल्यावर त्यांचे प्रेत सापडले तेव्हा हातात ती काच होती. अंगावर नाव सांगणारी एकही खूण नव्हती. सैन्याकडून ओळखपट्ट्या मिळण्याचा तो काळ नव्हता. लढाईपूर्वी ज्याला सुचेल तो चिठ्ठीवर नाव लिहून कोटाला टाचून ठेवी. गेटिसबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्या लढाईतील साडेतीन हजारांहून अधिक उत्तरेकडील सैनिक पुरलेले आहेत आणि त्यांपैकी ९७९ जणांच्या थडग्यांवर आजही नाव नाही. ह्यूमिस्टन हे ९८० वे व्हायचे, ते झाले नाहीत.

आपल्या लेखात नेमका यापुढचा भाग गाळला गेला आहे. ती काच गेटिसबर्गच्या पश्चिमेकडील ग्रेफेनबर्ग इथल्या एका खाणावळवाल्याच्या मुलीकडे आली. जखमींवर उपचार करायला निघालेले फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन फ्रान्सिस बोर्न्स यांची गाडी त्याच ठिकाणी मोडली. त्यांनी ती काच पाहिली, मागून घेतली आणि फिलाडेल्फियाला परतल्यावर वर्तमानपत्रांकडे धाव घेतली. १९ ऑक्टोबर १८६३ च्या ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’मध्ये ‘हा कोणाचा पिता?’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली मजकूर आला.

संपादक महाराज, त्या काळी वर्तमानपत्रात छायाचित्र छापण्याची सोयच नव्हती. ती आणखी वीस-एक वर्षांनी आली. म्हणून चित्र शब्दांत सांगण्याखेरीज गत्यंतर नव्हते. मुले तीन, दोन मुलगे आणि एक मुलगी. वये अंदाजे नऊ, सात आणि पाच. थोरला आणि धाकटा हे मुलगे. धाकटा उंच खुर्चीत मधोमध बसलेला, भाऊ आणि बहीण दोन्ही बाजूंना. आणि त्यापुढे एक वाक्य असे की, थोरल्या मुलाचे जॅकेट आणि बहिणीचा झगा एकाच कापडाचे आहेत. हे वाक्य लिहिणाऱ्या अज्ञात माणसाला माझा नमस्कार आहे. एका ठाणातले कापड बेतून दोन मुलांचे कपडे शिवणाऱ्या आईला ते वाक्य वाचल्यावर दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. ‘गोड’, ‘निरागस’ अशा विशेषणांनी तो मजकूर भरला असता, तर कुठल्याही आईला आपली मुले त्यात दिसली असती आणि खऱ्या आईला ती ओळखता आली नसती.

इतर वर्तमानपत्रांनी तो मजकूर उचलला. ‘अमेरिकन प्रेसबिटेरियन’ या धार्मिक साप्ताहिकाचा अंक पोर्टव्हिलमध्ये पोहोचला आणि फिलिन्डाने तो वाचला. गेटिसबर्गच्या लढाईनंतर नवऱ्याचे पत्र आलेले नव्हते. डॉक्टरांना पत्र गेले, त्यांनी कागदावर काढलेली प्रत पाठवली आणि नोव्हेंबरच्या मध्याला, म्हणजे साडेचार महिन्यांनी, तिला कळले की आपण दुसऱ्यांदा विधवा झालो आहोत.

लोकांना हुरहुर लावणारी गोष्ट इथे संपते, पण कुटुंबाचा इतिहास इथे संपत नाही, आणि माझ्या मते या माणसाविषयी लिहिणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. तीन मुलांच्या छायाचित्राच्या कागदी प्रती हजारोंनी विकल्या गेल्या, त्यावर गाणे झाले, आणि जमलेल्या पैशांतून सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी गेटिसबर्गलाच १८६६ मध्ये आश्रम उघडण्यात आला. फिलिन्डा तिथे नोकरीला राहिली आणि तिची मुले तिथली रहिवासी झाली. ज्या गावात बाप पडला, त्याच गावात मुलांनी शाळेचे धडे गिरवले. त्या मुलांना दररोज ते रस्ते पाहताना काय वाटले असेल, हे कुठल्याही कागदात सापडण्यासारखे नाही.

सैनिकाच्या विधवेला तेव्हा दरमहा आठ डॉलर निवृत्तिवेतन मिळे. १८६६ च्या कायद्याने सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे आणखी दोन डॉलर वाढले. तिने पुन्हा लग्न केले तर तिचे वेतन बंद होई आणि हक्क मुलांकडे जाई. फिलिन्डाने १८६९ मध्ये तिसरे लग्न केले आणि ती मॅसॅच्युसेट्समधील बेकेट या गावी गेली; पुढे मुलेही तो आश्रम सोडून गेली. त्याच आश्रमात नंतर रोझा कार्मायकल नावाची व्यवस्थापिका मुलांना कोंडून ठेवी, मारी. १८७६ मध्ये तिच्यावर गुन्हा शाबीत झाला, निधीच्या हिशेबावरून डॉ. बोर्न्स यांच्यावरही आरोप झाले आणि १८७७ मध्ये आश्रम बंद पडला. ज्यांच्यामुळे नाव परत मिळाले, त्याच डॉक्टरांच्या नावाला हा डाग आहे. चांगल्या आरंभाकडे पाहून तो झाकू नये आणि डागाकडे पाहून आरंभही नाकारू नये.

थोरला फ्रँक डॉक्टर झाला आणि न्यू हॅम्पशरमधील जॅफ्री या खेड्यात त्याने आयुष्यभर लोकांना औषधपाणी केले. फ्रेड व्यापारात शिरला. अ‍ॅलिसने लग्न केले नाही. ती १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात वारली. एमस यांचे पणतू डेव्हिड ह्यूमिस्टन केली हे पुरातत्त्वाचे प्राध्यापक होते आणि मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांची लिपी वाचण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा आहे. ज्या घराण्याच्या मूळपुरुषाचे नाव एका मजकुराच्या वाचनामुळे परत आले, त्या घरात पुढे दगडांवरची न कळणारी अक्षरे वाचणारा माणूस निपजला, याचे मला फार अप्रूप वाटते. १९९३ मध्ये स्ट्रॅटन रस्त्यालगत ह्यूमिस्टन यांचे स्मारक उभे राहिले. त्या रणभूमीवर सेनापतींचे पुतळे पुष्कळ आहेत; एकट्या साध्या सैनिकासाठी उभारलेले स्मारक एवढेच.

हे सारे आज सांगता येते ते त्या घराण्यात कोणी राजा किंवा सेनापती होता म्हणून नव्हे. कागद टिकले म्हणून सांगता येते. अमेरिकेच्या शिरगणतीत माणसाचे नाव, वय आणि धंदा लिहिलेला असे. विधवेने वेतनासाठी अर्ज केला की लग्नाचा आणि मुलांच्या जन्मतारखांचा पुरावा द्यावा लागे आणि ती कागदपत्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेली आहेत. बायकोने नवऱ्याची पत्रे फेकली नाहीत. एका साज शिवणाऱ्या माणसाचे चरित्र एवढ्यावर उभे राहते.

आता आपल्याकडचे सांगतो, कारण त्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतील कित्येक गावांत चावडीच्या भिंतीत किंवा शाळेजवळ इंग्रजी अक्षरांची एक शिळा दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके जण गेले आणि त्यांपैकी इतके कामास आले, असे तिच्यावर कोरलेले असते. आकडा असतो, नावे नसतात. गावकरी त्या शिळेला शेंदूर लावतात, कुठे तिच्यावर गाईची दावण बांधलेली असते. त्या आकड्यातला कोण सुतार होता, कोण चांभार, कोण शेतकरी, मागे त्याची बायको कुणाच्या आधारावर जगली, मुले कुठे गेली, हे सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्याकडून ऐकलेले ज्यांच्या कानात अजून आहे, ती माझ्या वयाची माणसे आपले वर्तमानपत्र रोज सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

माझी विनंती अशी की, आठवड्यातून एकदा अर्धा स्तंभ आपण घराघरांतल्या ओळख न पटलेल्या जुन्या छायाचित्रांसाठी राखून ठेवावा. छायाचित्र छापायला जागा नसेल तर नुसते वर्णन छापावे; वर्णनाने काय होऊ शकते, ते वर सांगितलेच आहे. फक्त वर्णन देणाऱ्याला एक अट घालावी की त्याने भावना लिहू नयेत. कपडे, हातातल्या वस्तू, कोण बसले आहे आणि कोण उभे, पाठीमागचा पडदा, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले असेल ते, एवढेच लिहावे.

त्याची सुरुवात मीच करतो. आमच्या घरात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक छायाचित्र आहे. आमची थोरली आत्या असेपर्यंत ते कोणाचे आहे हे तिला ठाऊक होते. आम्ही विचारायचे राहिलो आणि ती सोळा वर्षांपूर्वी गेली. आजोबांच्या दोन चुलत्यांपैकी एक जण लढाईवर खेचरांचे साज दुरुस्त करायला गेला होता, एवढे घरात ऐकिवात आहे. दोघांपैकी कोणता, यावर आमच्या दोन घरांत आजही एकमत नाही.

छायाचित्र वीतभर उंचीचे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले, उजवा खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला. डावीकडे खाकी कपड्यांतला पुरुष उभा आहे. पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या, डोक्याला फेटा, मिश्या खाली वळलेल्या. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेऱ्यापासून वाकडी आहे. उजवीकडे लाकडी खुर्चीत नऊवारीतली बाई बसली आहे. लुगडे चौकटीचे, नाकात नथ नाही, हातांत एकेक जाड बांगडी. तिच्या मांडीशी चार-पाच वर्षांची मुलगी उभी आहे; तिने मान हलवल्यामुळे चेहरा पुसट आला आहे, परंतु तिच्या परकराला खाली वेगळ्या कापडाची चार बोटे रुंद पट्टी जोडून तो लांब केलेला स्पष्ट दिसतो. पडद्यावर खांब आणि जिना रंगवलेला आहे. पुठ्ठ्यामागे जांभळ्या पेन्सिलीने मोडीत नव्हे, बाळबोध अक्षरांत लिहिले आहे: ‘बसऱ्याहून आल्यावर’, म्हणजे इराकमधल्या बसरा बंदराहून. नाव नाही. कोणाच्या घरी याची दुसरी प्रत असेल, किंवा वाकड्या बोटाच्या जीनगराविषयी कोणी आजीकडून ऐकले असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर कृपया कळवावे. मी दर सोमवारी चौकशी करीत जाईन.

आपला नम्र,
एक वाचक, कराड